भिंतीला चिकटवलेलं केळं आणि 'कला' हा शब्द

टोकदार पेन्सिल (धागाकर्ता)
मौरित्सिओ कातेलान या इटालियन कलाकारानं २०१९ साली मायामीच्या कलामेळ्यात एक केळं टेपनं भिंतीला चिकटवलं. किंमत १ लाख २० हजार डॉलर. २०२४ मध्ये त्याच कृतीची एक प्रत लिलावात ६२ लाख डॉलरना गेली आणि घेणाऱ्यानं ते केळं सगळ्यांसमोर सोलून खाल्लं. आता त्याच्याकडे उरलं काय? एक प्रमाणपत्र आणि केळं कसं लावायचं याच्या सूचना. काळं पडलं की नवं आणायचं.

सगळे हसले, मला मात्र राग आला. गेले अकरा महिने मी हात काढायला शिकतोय. माणसाचा साधा, टेबलावर टेकलेला हात. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो, तो तळव्यात नेमका कुठे विरतो ती जागा मला अजून सापडलेली नाही. रेघ ठळक केली की हात लाकडी दिसतो, सोडून दिली की हातमोजा. आत्तापर्यंत दीड वही फाडून झाली.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. जे करायला हात, डोळा नाहीतर कान घडवावा लागतो, ती कला. बाकीची चतुराई. चतुराईला माझी ना नाही, फक्त तिला दुसरं नाव द्या.

बिनपगारी
"हे तर मीपण केलं असतं" म्हणणाऱ्यानं ते केलेलं नसतं, हा मुद्दा उरतोच.

टोकदार पेन्सिल
हे उत्तर पहिलं येणार याची खात्री होती. रात्री दोन वाजता शेजाऱ्यांची बेल वाजवून पळायचंही मला कधी सुचलेलं नाही. आधी कुणी केलं नाही एवढ्यावर कला ठरायला लागली तर अवघड आहे.

निळी शाई
असहमत. तुमचा हा वाद एकदा खरोखर कोर्टात गेला होता. १९२६ साली शिल्पकार ब्रांकूशीचं 'अवकाशातला पक्षी' हे ब्राँझचं शिल्प बोटीनं न्यूयॉर्कला पोचलं. पंख नाहीत, चोच नाही, पिसं नाहीत. वर निमुळती होत गेलेली एक लखलखीत उंच आकृती. कलाकृतीवर आयातशुल्क नसे. पण कस्टमवाल्यांना त्यात पक्षी दिसेना, म्हणून त्यांनी ते स्वयंपाकघरातली आणि इस्पितळातली उपकरणं या सदरात टाकलं आणि ४० टक्के शुल्क लावलं.

सुनावणीत एका साक्षीदाराला विचारलं गेलं, हा जंगलात दिसला असता तर तुम्ही गोळी झाडली असती का? सरकारी बाजूचा रोख असा, की हे तर एखादा चांगला कारागीरही घासूनपुसून करेल. त्यावर शिल्पकार एपस्टाइननं साक्षीत म्हटलं की कारागीर चकाकी आणेल, पण ही आकृती त्याला सुचणार नाही. १९२८ मध्ये निकाल ब्रांकूशीच्या बाजूनं लागला. म्हणजे 'हात घडवावा लागतो' हा निकष तेव्हाच अपुरा ठरला होता. हात कारागिराचाही घडलेलाच असतो की!

टोकदार पेन्सिल
पण तो निकाल तर माझ्याच बाजूचा आहे! व्यावसायिक शिल्पकाराची मूळ निर्मिती आहे आणि बघायला सुंदर आहे, असं कोर्टानं म्हटलं. ब्रांकूशी त्या ब्राँझला हातानं चकाकी आणायचा. त्याला केळ्याच्या रांगेत उभं करू नका हो. सुचणं आणि करणं दोन्ही त्याच्याकडे होतं. मी 'नुसतं सुचणं' याच्याबद्दल बोलतोय.

बिनपगारी
गंमत म्हणजे ते शिल्प बोटीतून नेताना सोबत मार्सेल द्युशाँ हा कलाकार होता. 'नुसतं सुचणं' त्याचंच. १९१७ मध्ये त्यानं विकत आणलेलं मुतारीचं भांडं आडवं ठेवून, 'आर. मट' अशी सही करून प्रदर्शनाला पाठवलं. फी भरेल त्याची कृती मांडू असं जाहीर केलेल्या संस्थेनं ते काही मांडलं नाही. द्युशाँ स्वतः त्या संस्थेच्या संचालक मंडळावर होता, त्यानं राजीनामा दिला. मूळ भांडं पुढे हरवलं. आज संग्रहालयांत दिसतात त्या नंतर करून घेतलेल्या प्रतिकृती.

टोकदार पेन्सिल
हरवलं आणि कुणाचं काही अडलं नाही. एवढं एक वाक्य माझ्यासाठी पुरेसं आहे.

चौसष्टावी
धागाकर्त्यांना हे आवडणार नाही कदाचित, पण ते ज्याला कला म्हणतायत तो शब्दाचा जुना अर्थ आहे. वात्स्यायनाची चौसष्ट कलांची यादी काढून बघा. गाणं, नाचणं, चित्र आहेच. पण हार गुंफणं, अंथरूण घालणं, कोंबड्यांची झुंज लावणं आणि पोपट-मैनेला बोलायला शिकवणं हेही आहे. म्हणजे कला म्हणजे जमणं. आजही आपण 'त्याला ती कला अवगत आहे' असं म्हणतो, मग तो माणूस उधारी बुडवण्यात पटाईत का असेना.

चित्र, शिल्प, संगीत, काव्य, नृत्य यांना एका गटात बसवून बाकीच्यांना कारागिरी म्हणायचं ही युरोपातली अठराव्या शतकातली मांडणी. फ्रान्समध्ये शार्ल बातो या लेखकानं १७४६ मध्ये ती पुस्तकात घातली. तुम्हाला कौशल्य हवं असेल तर जुना अर्थ घ्या, पण मग कोंबड्यांची झुंजही घ्या. अर्धं इथलं आणि अर्धं तिथलं उचलता येत नाही.

टोकदार पेन्सिल
झुंजीवर निरुत्तर. विचार करून लिहितो.

घड्याळजी
आणि एआयनं काढलेल्या चित्रांचं काय?

टोकदार पेन्सिल
कृपया वेगळा धागा काढा. ते इथे शिरलं की हात, केळं, पक्षी सगळंच वाहून जाईल.

उलटतपासणी
दोन्ही बाजूंना एकच प्रश्न. डच चित्रकार फान मेगेरेननं १९३७ मध्ये एक चित्र सतराव्या शतकातल्या थोर डच चित्रकार 'फर्मेर'चं म्हणून खपवलं. नावाजलेल्या तज्ज्ञानं ते फर्मेरच्या उत्तम चित्रांत धरलं, रॉटरडॅमच्या संग्रहालयात ते लागलं, लोक त्याच्यापुढे हरखून उभे राहिले. १९४५ मध्ये नाझी नेता गोअरिंगला फर्मेरचं चित्र विकल्याबद्दल फान मेगेरेनवर शत्रूला साथ दिल्याचा आरोप आला. तेव्हा त्यानं कबूल केलं, ती सगळी मीच काढलीत. खरं वाटेना म्हणून देखरेखीखाली आणखी एक काढून दाखवायला लावलं. त्यानं काढलं.

आता सांगा. कॅनव्हास तोच, रंग तेच, कौशल्य तर देखरेखीखाली सिद्ध झालेलं. मग ते हरखणं कुठे गेलं? कौशल्यवाल्यांनी ते चित्र अजूनही तितकंच थोर मानायला हवं. आणि सुचणंवाल्यांनो, त्यात नवीन सुचलेलं काही नव्हतं असं म्हणाल, तर हे आठ वर्षं बहुतेक तज्ज्ञांना दिसलं कसं नाही?

निळी शाई
कारण आपण नुसतं कापड बघत नाही, कुणीतरी केलेली गोष्ट बघतो. कुणी, कधी, कशासाठी हे कळलं की बघणं बदलतं. यात मला लबाडी वाटत नाही.

फ्रेमवाला
मी पहिल्यांदाच लिहितोय. पंधरा वर्षं चित्रांच्या फ्रेम करतो. एक प्रसंग सांगतो, त्यातून काय घ्यायचं ते तुम्ही बघा.

एका बाई वडिलांचं फडकं घेऊन आल्या. वडील घरांना रंग द्यायचे, ब्रश पुसायचं फडकं. पांढरा, फिका हिरवा, मधेच विटकरी, थरावर थर चढून पुठ्ठ्यासारखं कडक झालेलं. काच टेकू नये म्हणून मी खोल पेटीची फ्रेम केली, मागे साय रंगाचा माउंट. न्यायला यायला त्यांना चार दिवस लागले, तेवढे दिवस ते भिंतीवर होतं. येणारा जवळजवळ प्रत्येक जण थांबायचा. चित्रकार कोण? विकायचंय का? एकाला त्यात पावसातली शेतं दिसली, कोपऱ्यातलं विटकरी म्हणजे घर असंही त्यानं दाखवलं. ब्रश पुसायचं फडकं आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. दुसरी एक मुलगी ते ऐकून उलट आणखी जवळ गेली.

तेच फडकं माझ्या टेबलावर पडलं होतं तेव्हा मीच त्यावर चहाचा कप ठेवला होता.

टोकदार पेन्सिल
हा प्रतिसाद तीनदा वाचला. तरी विचारतो. वडिलांनी ते 'काढलं' नव्हतं, ब्रश पुसले होते. शेतं दिसली ती बघणाऱ्याला. फ्रेम तुमची. मग कलाकार कोण? कुणीच नसेल तर माझा मुद्दा शाबूत आहे: लक्ष देऊन बघितलं की काहीही सुंदर दिसतं, ढगही दिसतात. पण ढगाला कुणी कलाकृती म्हणत नाही.

निळी शाई
ढग कुणी पेटीत घालून आणत नाही, पेन्सिलराव. त्या बाईंनी आणलं.

टोकदार पेन्सिल
मग बाई कलाकार?

फ्रेमवाला
ते मला नाही सांगता येणार. न्यायला आल्या तेव्हा बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, उलटं लागलंय. बाबा या टोकाला धरून झटकायचे, हे वर हवं. मी म्हटलं, लोकांना असंच आवडलं, खाली घर दिसतं. त्या म्हणाल्या, घर नको.

हूक काढून खालच्या बाजूला लावून दिले.