उत्तर: टूल घासतंय, कापत नाही
एकाने विचारलंय की लेथवर (बार फिरवून कापायचं मशीन) टूलला, म्हणजे कापायच्या हत्याराला, धार चांगली आहे पण १० मिमी व्यासाच्या बारवर ते नुसतं घासतंय, तर काय करावं. परत ग्राइंड करू नका, आधी हाइट बघा, म्हणजे टूलचं टोक बारच्या सेंटरच्या (मध्याच्या) उंचीला आहे का ते. टूल सेंटरच्या अर्धा मिमी जरी वर असलं तरी १० मिमीच्या जॉबवर (कापायच्या बारवर) पुढचा क्लिअरन्स, म्हणजे धारेखालचा भाग जॉबला घासू नये म्हणून ठेवलेला कोन, जवळपास पावणेसहा अंशांनी कमी होतो आणि आपण एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूलला देतो मुळात सात-आठच, मग राहिलं काय? १०० मिमीच्या जॉबवर तेवढ्याच चुकीने जेमतेम अर्धा अंश जातो म्हणून तिथे कळतच नाही.

हाइट बघायला टूलचं टोक टेलस्टॉकच्या (लेथच्या दुसऱ्या टोकाचा आधार) टोकदार सेंटरला लावून बघायचं कुणीतरी सुचवलंय, ते बरोबरच आहे, पण मला पातळ स्टीलची पट्टी जास्त आवडते. गोल बार आणि टूलचं टोक यांच्यात पट्टी हलकेच दाबून धरायची, उभी राहिली की हाइट बरोबर, वरचं टोक आपल्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर. हाइट वाढवायचा पॅकिंगचा पत्रा मात्र टूलच्या खाली टूलपोस्टमध्ये (टूल आवळून धरणारा भाग) पूर्ण लांबीला घाला हो, नुसता पुढे तुकडा सरकवला की बोल्ट आवळताना टूल तिरकं होतं आणि अँगल परत बदलतो. शेवटी एक फेसिंग मारा, म्हणजे बारचं टोक सपाट कापा, मध्ये टेंगूळ राहिलं तर हाइटमध्ये अजून फरक आहे.