व्हेनिसपेक्षा डुब्रोव्हनिक

जग बुडाल्यानंतरच्या कथेत बंदरांचा संघ उभा राहिला तर त्याचा म्होरक्या कोण, या प्रश्नावर 'ज्याचं आरमार मोठं तोच, म्हणजे व्हेनिस' असं एक उत्तर आलं. ते पटलं नाही. डिझेल संपल्यावर जहाजं लाकडाची, आणि लाकूड काही व्हेनिसच्या खाजणात उगवत नाही. ते आल्प्सच्या जंगलातून नदीवाटे यायचं. वरच्या खोऱ्यात दुसराच कुणी दादा होऊन बसला की गोदी ठप्प.

माझं मत क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या डुब्रोव्हनिक बंदराला, म्हणजे जुन्या रागुसाला. कथेत जग साथीनं बुडालंय ना? मग प्रत्येक बंदराला पहिला प्रश्न हाच, की आलेलं गलबत आत घ्यायचं का. रागुसाने १३७७ मध्येच नियम केला होता: साथीच्या मुलखातून आलेल्याने आधी मर्कान बेटावर किंवा जवळच्या त्साव्तात गावात महिनाभर राहायचं, मगच शहरात पाऊल. बंदर उघडं, साथ बाहेर! पुढे बांधलेली विलगीकरणाची दगडी घरं पूर्वेच्या वेशीबाहेर अजून उभी आहेत. शिवाय जवळच स्टोन गावची मिठागरं. आणि लढाईची खुमखुमी नाही. रागुसाची रीत अशी, की ऑटोमन सुलतानाला दरसाल १२,५०० डुकाट (सोन्याची नाणी) खंडणी मोजायची आणि त्याच्याच मुलखात बिनधास्त व्यापार करायचा. कथेतल्या लुटारू टोळीवाल्यांनाही असंच गुंडाळतील. अडचण एकच, गहू. तो बाहेरूनच यायचा, तेव्हा सिसिलीचं एखादं बंदर संघात हवंच.