२५ टक्के बिलो जाऊन काम घ्यायचं का?

मापवही
पुण्यात नव्याने सरकारी कामात उतरणाऱ्या मुलांना सगळे एकच सांगतात: "पहिलं काम कसंही घे, २०-२५ टक्के बिलो जा (म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा तेवढा कमी दर भर), पूर्णत्वाचा दाखला हातात पडला की पुढचं सोपं." मला हा सल्ला घातक वाटतो.

फुटपाथचं काम घ्या. दरसूचीत नफा आणि वरखर्च धरलेला असतो, पण तो २५ टक्के नक्कीच नसतो. बिलातून कापलं जातं ते वेगळंच. आयकर १ टक्का (भागीदारी किंवा कंपनी असेल तर २), जीएसटीचा टीडीएस २, कामगार उपकर १, शिवाय सुरक्षा अनामत. दर फार खाली गेला तर जादाची सुरक्षा ठेव आधीच भरा. टीडीएस पुढे वळता होतो हे खरं, पण पैसा आज अडकतो आणि सिमेंटवाला आज दारात उभा असतो. मग भर निघते कुठून? ८० मिमीच्या जागी ६० मिमीचे ब्लॉक, खालच्या पीसीसीची (साध्या काँक्रीटच्या थराची) जाडी कमी, कडेचा दगड (कर्ब) नुसता मातीत टेकवलेला. पहिल्याच पावसाळ्यात ब्लॉक डुगडुगतात, आणि दोष दायित्व कालावधीतली, म्हणजे काम संपल्यावरच्या ठरलेल्या मुदतीतली, दुरुस्ती स्वखर्चाने करावी लागते. त्यावरून चालणारे म्हातारेकोतारे ठेचकाळतात ते तर कुठल्याच हिशोबात येत नाही.

डोकं दर पाडण्यात घालवू नका, काम शोधण्यात घाला. सगळे महापालिकेच्याच निविदांवर तुटून पडतात. महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर जिल्हा परिषद, पीएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), जीवन प्राधिकरण, जलसंपदा सगळेच आहेत. पहिल्या फेरीत पुरेशा निविदा न आल्याने मुदतवाढ मिळालेली कामं बघा. तिथे गर्दी कमी असते. का कमी आहे, हे मात्र साइटवर जाऊन तपासा.

धायरीकर
दादा, तुमच्याकडे दाखले आहेत म्हणून हे बोलता येतं. आमच्यासारख्यांना पात्रतेच्या अटीच बाहेर ठेवतात. गेल्या सात वर्षांत तशाच स्वरूपाची तीन कामं निविदेच्या ४० टक्के रकमेची, नाहीतर दोन ५० ची, नाहीतर एक ८० ची. पहिलं कामच मिळालं नाही तर "तशाच स्वरूपाचं" आणायचं कुठून? डांबरीकरणाला हॉटमिक्स (डांबर-खडी मिसळण्याचा) प्लांट स्वतःचा हवा, नाहीतर कुणाशी तरी करार. तो प्लांटवालाही त्याच निविदेत उतरलेला असला तर करारपत्र देईल का? नव्या माणसाच्या हातात दर सोडून काय उरतं?

आणि बिलो म्हणजे चोरी, हे मला मान्य नाही. माझं ऑफिस नाही, पगारी माणसं नाहीत, मी स्वतः दिवसभर साइटवर उभा असतो. मोठ्या फर्मचा वरखर्च मला नाहीच. १२-१५ टक्के खाली जाऊनही मी ८० चाच ब्लॉक बसवू शकतो.

फाईल वाचणारी
मी कंत्राटदार नाही, कर भरणारी बाई आहे. महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना कागदपत्रं पाहता यायची, तेव्हापासून मी फायली वाचत आलेय. मापवही, मला धास्ती वाटते ती बिलोची नाही. तीनच निविदा, तिन्ही अंदाजपत्रकाच्या आसपास आणि सर्वांत कमी दर अर्धा टक्का बिलो, अशी फाईल दिसली की मी थांबते. रिंग, म्हणजे निविदाकारांनी आपसात दर ठरवणं, काय असते हे या शहराने पाहिलंय. कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या पुणे महापालिकेच्या निविदांत संगनमत केलं म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये कंपन्यांना दंड केला. तक्रार पुण्यातल्याच नागरिकांच्या संस्थेची होती. धायरीकरांसारखा एक जण १५ टक्के खाली आला की रिंग मोडते. त्याला तुम्ही का अडवताय?

मापवही
ताई, रिंग मोडायलाच हवी. पण ती मोडणाऱ्याचं घर बसू नये एवढंच माझं म्हणणं आहे. धायरीकर, तुमचे १२-१५ टक्के मला पटतात, कारण त्यामागे हिशोब आहे. मी बोलतोय ते शेवटच्या संध्याकाळी "अमका २२ भरतोय" असं ऐकून २५ भरणाऱ्यांबद्दल.

आणि पहिल्या कामासाठी दर हा एकच मार्ग नाही. सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी केलीत का? लहान कामांत ठरावीक वाटा या अभियंत्यांचा, काही मजूर सहकारी संस्थांचा आणि उरलेला खुल्या कंत्राटदारांचा, असं राज्याचं धोरण आहे. काम वाटप समितीतून काम मिळालं तर दराची कापाकापी करावीच लागत नाही.

निवृत्त उपअभियंता
दोन्ही बाजू वाचल्या. आमच्या खुर्चीत बसलेल्याला फार खालचा दर डोळ्यांना दिसतो, पण नियमाने सर्वांत कमी दरालाच काम द्यावं लागतं. फार तर दर विश्लेषण, म्हणजे हा दर कसा परवडतो याचा हिशोब, मागवता येतं. केंद्राने ऑक्टोबर २०२१ मध्ये ठरावीक कामांत गुणवत्तेला भारांक देण्याची मोकळीक दिली, पण गल्लीतल्या फुटपाथला ती काय उपयोगाची?

नव्या मुलांचा घात बहुतेक वेळा दर उघडण्याआधीच होतो. शेवटच्या दोन दिवसांत आलेलं, निविदेतला बदल कळवणारं शुद्धिपत्रक वाचलेलं नसतं. दरपत्रकाची फाईल नाव बदलून सेव्ह केलेली असते, मग पोर्टल ती घेत नाही. डिजिटल सहीची मुदत संपल्याचं निविदा भरताना कळतं. कष्ट पाण्यात. याचा मला मनापासून त्रास व्हायचा.

धायरीकर
काका, शुद्धिपत्रकाचं लक्षात ठेवतो. बेरोजगार अभियंत्यांची नोंदणी आहे माझी, पण कामवाटपात नाव लागेपर्यंत वाट बघायची तेवढी माझी ताकद नाही. थकीत बिलांसाठी २०२५ मध्ये राज्यभर कंत्राटदार रस्त्यावर उतरले होते. वाटपातलं काम मिळालं तरी बिल वेळेत निघेल याची खात्री कोण देणार? मी महापालिकेच्या निविदा भरणारच, बिलोच भरणार. पण १५ टक्क्यांहून जास्त बिलो जाणार नाही. वडगावच्या फुटपाथच्या कामाचं दर विश्लेषण आज रात्री इथे टाकतो. मापवही दादा, वाहतूक आणि मजुरी तेवढी तपासून द्या, निविदा शुक्रवारी बंद होतेय.