मारबतीच्या गावातून

‘देवाधर्माची टिंगल केली की थेट गुन्हा दाखल करा’ असं काही जण म्हणतात; हे मत मला पटत नाही, आणि मी रोज पूजा करणारा माणूस आहे. आमच्या नागपुरात तान्ह्या पोळ्याला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी) मारबतीची, म्हणजे बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक निघते. काळी मारबत तर १८८१ पासून. लोक तिला हात जोडतात अन् त्याच मिरवणुकीत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, पुढाऱ्यांची खिल्ली उडवतात. गाडगेबाबा तर भर कीर्तनात नवस-बळी देणाऱ्यांना प्रश्नांनी निरुत्तर करायचे.

दंडविधानातलं १९२७ चं कलम २९५ अ (आता भारतीय न्यायसंहितेत २९९) धर्माच्या जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं केलेल्या अपमानासाठी आहे, नुसत्या दुखावलेल्या मनासाठी नाही. एखादं व्यंगचित्र खुपलं तर मी तसं लिहीन, भांडेन. पण विठोबासाठी पोलीस ठाण्याची पायरी माझ्याच्यानं चढवणार नाही.