चोवीसच्या बार्श्चसाठी बीट आजच भिजवा

वहिनी (वॉर्सा): आज १६ डिसेंबर. विगिल्याला, म्हणजे नाताळच्या आदल्या, २४ च्या रात्रीला, बार्श्च (बिटाचं आंबट सार) करायचा तर बीट आजच भिजत घाला. आंबायला ५ ते ७ दिवस लागतात.

धाकटी (व्रोत्स्वाफ): प्रमाण?

वहिनी (वॉर्सा): १ किलो बीट सोलून जाड चकत्या. १ लिटर पाणी उकळून पूर्ण गार, त्यात १ मोठा चमचा मीठ. लसणाच्या ४-५ पाकळ्या ठेचून, इथली २ तमालपत्रं (भारतातून आणलेलं नको, ते दालचिनीच्या जातीचं), ऑलस्पाइसचे ४-५ दाणे. काचेच्या बरणीत, वर छोटी ताटली नि वजन. बीट पाण्याबाहेर डोकावलं की तिथेच बुरशी धरते. पांढरा फेस आला तर काढून टाका. केसाळ किंवा हिरवी बुरशी दिसली तर अख्खी बरणी ओतून द्या, वरवर काढून भागत नाही.

काकू (पुणे): ही तर कांजी! मोहरी नाही?

वहिनी (वॉर्सा): जात तीच काकू, पण मोहरी नाही.

दादा (क्राकूव): खरी चूक शेवटी होते. आंबलेलं पाणी ओतलं की उकळी येऊ द्यायची नाही, लालभडक रंग विटकरी होतो. आधी गाजर, सेलरीचा कंद, कांदा नि सुक्या अळिंब्यांचं दीड लिटर सार करा, गाळा, मग अर्धा लिटर आंबट पाणी घालून नुसतं गरम करा. अळिंब्या रात्रभर भिजवलेलं पाणी टाकू नका, पण फडक्यातून गाळा, तळाशी वाळू असते.

धाकटी (व्रोत्स्वाफ): आणि उश्का (बार्श्चमध्ये घालायच्या अळिंबीच्या छोट्या करंज्या) फुटतात त्याचं काय?

दादा (क्राकूव): सारण ओलं राहतं म्हणून. अळिंबी-कांदा पार कोरडा परता, गार करा. ३०० ग्रॅम मैद्याला साधारण १५० मिली गरम पाणी, चमचाभर तेल. अर्धा तास झाकून ठेवा. पारी करंजीहून पातळ, कडेला पीठ लागलं तर चिकटत नाही. वर तरंगल्यावर मिनिटभरच.

काकू (पुणे): शाकाहारी माणसाला त्या ताटात काय चालेल?

वहिनी (वॉर्सा): विगिल्याच्या जेवणातले बारा पदार्थ बिनमांसाचे, पण मासा इथे मांसात धरत नाहीत! कार्प आणि हेरिंग असतातच. "मासेही नको" असं वेगळं सांगा. कोबी-अळिंबीचे प्येरोगी (पाण्यात उकळलेल्या करंज्या) बहुधा चालतात, तरी पिठात अंडं आहे का आणि वरून काय परतून घातलंय ते विचारा. गोडात कुत्या (हसू नका, नावच तसं): शिजवलेला गहू, वाटलेली खसखस, मध, अक्रोड. इथली खसखस निळी-काळी. गरम दुधात भिजवून दोन-तीनदा वाटली नाही तर कचकचते.

काकू (पुणे): येताना पावशेर आण की.

दादा (क्राकूव): दुबईमार्गे येणार असेल तर अजिबात नको. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे.