पणजोबांच्या दुनळीचा पहिला मालक कंपनीच्या जुन्या वह्यांतून सापडेल का?

तासगावकर
नमस्कार मंडळी. आमच्याकडे पणजोबांपासूनची बारा बोअरची दुनळी बंदूक आहे, लायसन चुलत्यांच्या नावावर. निवडणुकीला पोलीस स्टेशनात जमा केलेली ती परत आणली तेव्हा पहिल्यांदाच नीट बघितली. घोडे (हॅमर) बाहेर नाहीत, आतले आहेत. दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर इंग्रजीत ‘आर्मी अँड नेव्ही सी.एस.एल.’ आणि लंडनच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटचा पत्ता, आणि पट्टीच्या मागच्या टोकाला सोन्यात भरलेला २ चा आकडा. नळ्या उतरवल्या की खालच्या सपाट भागावर शिक्केच शिक्के, मुकुटाखाली बीव्ही, बीपी, एनपी आणि चौकटीत १२ सी. नंबर दोन आहेत आणि दोन्ही वेगळे, त्यामुळे कुठला खरा तेच कळेना.

घरात सांगतात की पणजोबा सांगली संस्थानात कारकून होते आणि राजेसाहेबांनी खूश होऊन ही बक्षीस दिली. खरंखोटं देव जाणे. ऐकलंय की विलायतेतल्या कंपन्यांकडे जुन्या ऑर्डरच्या वह्या असतात आणि नंबर दिला की सगळी कुंडली निघते. कुणी केलंय का असं?

सातारचा_शिकलगार
मस्त वस्तू आहे, जपा. पण पहिली गोष्ट, आर्मी अँड नेव्ही हा बंदूक बनवणारा कारखाना नव्हेच, ते दुकान. १८७१ साली लष्करातल्या अधिकाऱ्यांनी मिळून काढलेली सोसायटी (सी.एस.एल. म्हणजे को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड), साबणापासून तंबूपर्यंत सगळं विकायचे, मुंबईतही शाखा होती, काळा घोड्याला ती बिल्डिंग अजून त्याच नावाने ओळखतात. बंदुका ते बाहेरून बनवून घ्यायचे, बऱ्याचशा बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटकडून, आणि वर नाव आपलं घालायचे. म्हणून दोन नंबर. एक दुकानाचा आणि दुसरा बहुतेक बनवणाऱ्याचा. चापाच्या कडीची पट्टी लाकडात मागे जाते तिच्यावर आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावर बघा, तिथे जो नंबर आहे तो बहुधा दुकानाचा असेल, नळीखालचा दुसरा कारखान्याचा. दोन्ही लिहून घ्या, एकच पाठवलात तर वह्या बघणारे दुसरीच बंदूक शोधत बसतील.

शिक्क्यांवरून काळ बराच कळतो. मुकुटाखाली बीव्ही बीपी म्हणजे बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे, म्हणजे नळ्या तपासून शिक्का मारणाऱ्या संस्थेचे, १९०४ नंतरचे शिक्के, आणि एनपी म्हणजे नायट्रो पावडरची (बिनधुराच्या दारूची) चाचणी झालीय. १९२५ ला नियम बदलले आणि चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या खोबणीची, लांबीपण ठोकायला लागले. तुमच्या चौकटीत नुसतंच १२ सी असेल, लांबी कुठेच नसेल, तर १९०४ ते १९२५ मधली धरा.

आणि तो सोन्यातला २ म्हणजे जोडीतली दुसरी बंदूक. श्रीमंत शिकारी एकसारख्या दोन घ्यायचे, एक झाडेपर्यंत मागचा माणूस दुसरी भरून हातात द्यायचा. १ नंबरची कुणाकडे तरी असणार नाहीतर केव्हाच भंगारात गेली असेल. वहीत जोडीचे नंबर सहसा लागून येतात.

सोसायटीच्या वह्या ग्लासगो युनिव्हर्सिटीच्या आर्काइव्हमध्ये आहेत. तिथे ईमेल करा, नंबर आणि शिक्क्यांचे फोटो जोडा. एका बंदुकीची एक ओळ असते, नंबर, प्रकार, कुणाकडून बनवून घेतली, कधी विकली, आणि नशीब असेल तर गिऱ्हाईकाचं नाव.

जावळीकर
आमच्याकडे वेस्टली रिचर्ड्स आहे, तिचंपण असं निघतं का? आणि ही जुनी हत्यारं आताच्या काडतुसांनी उडवायला चालतात का, डुकरांनी भुईमूग ठेवला नाही यंदा

सातारचा_शिकलगार
@जावळीकर वेस्टली रिचर्ड्स अजून बर्मिंगहॅममध्ये चालू आहे, त्यांनाच लिहा, कारखानाच त्यांचा असल्यामुळे तुमचं काम सोपं. उडवायचं मात्र आधी जाणकार बंदूकवाल्याला नळी दाखवल्याशिवाय नाही म्हणजे नाही. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसली तर ती दमास्कस, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली, आणि त्यातल्या बऱ्याच फक्त काळ्या दारूच्या हिशोबाने तपासलेल्या असतात. शिवाय जुनी चेंबर बहुतेक अडीच इंची आणि आताची काडतुसं पावणेतीन इंचीही मिळतात, उडवल्यावर त्यांचं उघडलेलं तोंड पुढच्या अरुंद भागात जाऊन दाब वाढतो. डुकरं परवडली.

कराडचे_वकील
शिकलगार, सगळं बरोबर, पण राजेसाहेबांचं काय? लंडनची वही जास्तीत जास्त एवढंच सांगणार की कुण्या कॅप्टनने अमुक साली विकत घेतली. तो कॅप्टन ती पुण्यात कुणाला विकून गेला, तिथून ती कुठे फिरली, हे ग्लासगोला बसलेल्याला काय ठाऊक. म्हणजे वहीत राजेसाहेब नाहीत म्हणून गोष्ट खोटी असंही नाही आणि वहीत कॅप्टन आहे म्हणून खरी असंही नाही.

खरा माग इथेच आहे. तासगाव तालुका त्या काळी संस्थानात नव्हताच, इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात होता. १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० ला मिळालं. म्हणजे सांगलीत बक्षीस मिळालेली बंदूक तासगावला घरी ठेवायची तर १८७८ च्या आर्म्स ॲक्टप्रमाणे पणजोबांना इंग्रजी अंमलाचं लायसन काढावंच लागलं असणार. ते जुनं लायसनचं पुस्तक घरात असेल तर त्यावर बंदुकीचा नंबर आणि रिन्यूअलचे शिक्के सापडतील, पहिला शिक्का कुठल्या सालचा तेवढं कळलं तरी निम्मं काम झालं. नसेल तर साताऱ्याच्या रेकॉर्ड रूमला अर्ज करून बघा, आणि संस्थानकडच्या कागदांसाठी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात विचारा.

आणि एक, जुनी आहे म्हणून लायसन लागत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. १९५९ च्या कायद्यातली सूट दुरुस्त करूनही उडणार नाही अशा हत्याराला आहे, तुमची तर धडधाकट दिसतेय. पूर्ण नंबर दिसणारे फोटो इथे टाकू नका प्लीज.

तासगावकर
वकीलसाहेब, तासगाव साताऱ्यात होतं हे डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता कडीची पट्टी बघितली, तिथला नंबर नळीखालच्या एकाशी जुळतो, म्हणजे दुकानाचा तो. चौकटीत फक्त १२ सी, लांबी कुठेच नाही. ग्लासगोला ईमेल तयार आहे. चुलत्यांना जुनं लायसन मागितलं तर ते म्हणतात, राजेसाहेबांचं नाव निघणार असेल तरच पाठव, नाहीतर आहे ते बरंय.