‘नॅचरिझम’ला मराठीत काय म्हणावं? उघडा, नागडा, विवस्त्र आणि अंग

दादा, ‘नॅचरिझम’ म्हणजे लाज न बाळगता कपड्यांशिवाय एकत्र वावरण्याची जीवनपद्धती. तिच्यासाठी तुम्ही सुचवलेला ‘निसर्गवाद’ मला पटत नाही. साहित्यात आणि तत्त्वज्ञानात तो ‘नॅचरलिझम’ या वेगळ्याच विचारासाठी कधीचाच रुळला आहे. ‘दिगंबर’ही नको. दिशा हेच ज्याचं वस्त्र, असा सुरेख शब्द, पण त्यात देहाची आसक्ती सोडणं आहे. इथे तर देह आहे तसा आपला म्हणायचा आहे.

आधी घरातले शब्द बघू. ‘उघड्यापाशी नागडं गेलं आणि सारी रात्र हिवानं मेलं’ या म्हणीतच उघडा वेगळा, नागडा वेगळा. आमच्या रत्नागिरीत मे महिन्यात पंचा लावून पडवीत बसलेले काका उघडेबंब असतात, त्यांना नागडे कुणी म्हणत नाही. ‘विवस्त्र’ म्हटलं की बातमीतली धिंड आठवते, म्हणजे कपडे दुसऱ्यानं ओरबाडलेले. ‘नागवणे’ म्हणजे तर लुबाडणेच. नुसत्या देहाला आपण गरिबी, अपमान आणि लूट चिकटवून ठेवली आहे. जरा मोकळा श्वास ‘उघडा’त आहे, तोही पुरुषांपुरता. काका उघडे बसतात तो त्यांचा आराम, आणि बाईचा संसार उघड्यावर पडतो. हे मला फार खुपतं.

आणि हे खूळ परदेशातून आलं असं म्हणू नका. पाश्चात्त्य पद्धतीचा पहिला ज्ञात नॅचरिस्ट क्लब १८९१ साली आपल्या ठाण्यात निघाला, ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’. काढणारे चार्ल्स क्रॉफर्ड तिथले इंग्रज न्यायाधीश, सभासद सुरुवातीला तीन, मुक्काम माथेरान. क्रॉफर्डसाहेबांची बदली रत्नागिरीला झाली आणि क्लब मोडला. आंतरराष्ट्रीय नॅचरिस्ट महासंघाच्या १९७४च्या व्याख्येत सामूहिक नग्नतेबरोबर स्वतःचा, इतरांचा आणि पर्यावरणाचा आदर येतो. म्हणून लिहिताना मी ‘सहनग्नता’ वापरीन, सहभोजन, सहजीवन यांच्या चालीवर. एकत्र असणं त्यात आलं.

बोलताना मात्र तो जड होतो. जर्मनमध्ये याला ‘फ्रायक्योर्परकुल्टूर’ म्हणतात, मुक्त देहाची संस्कृती. आपल्याकडे ‘देह’ कीर्तनात आणि ‘शरीर’ दवाखान्यात. घरात आपण ‘अंग’च म्हणतो.

सिझरनंतर माहेरी आले होते तेव्हाची गोष्ट. न्हाणीत आत्या अंगाला तेल लावत होती आणि मी सुटलेलं पोट टॉवेलखाली दडवत होते. तिनं टॉवेल काढून दांडीवर टाकला, खोबरेलाचा हात टाक्यांच्या कडेकडेनं फिरवला. म्हणाली, “अगो, अंगच तर आहे. पोर आलं त्यातून, खूण राहायचीच.” मग चुलाण्यावरचं ऊन पाणी ओतलं.

तिच्या तोंडी ना ‘उघडं’ आलं, ना ‘नागडं’. म्हणून माझं मत ‘मोकळं अंग’ला. तुमच्याकडे मालवणात बायका काय म्हणतात, ते वहिनींना विचारून सांगाल का?